आडात किती पाणी आहे? नोकरी गेल्यावर मुलांच्या पोटगीचं काय होतं

“नोकरी गेली आहे. या महिन्यापासून पैसे पाठवणं जमणार नाही.”

कर्मचारीकपातीच्या बातम्या सुरू झाल्या की घटस्फोटित आईच्या फोनवर असा मेसेज येण्याची शक्यताही वाढते. पाठवणारा खोटंच बोलत असतो असं नाही. त्याच्या हातात खरोखर कमी केल्याचं पत्र असतं, डोक्यावर घराचा हप्ता असतो आणि त्याचा हिशेब अगदी सरळ असतो: पगार होता म्हणून पोटगी होती, पगार थांबला, पोटगी थांबली. वाचणारीचा हिशेबही तितकाच सरळ असतो: शाळेची फी थांबलेली नाही.

कायद्याचा हिशेब या दोघांपेक्षा निराळा आहे. तो ठाऊक नसल्यामुळे बाप सहा महिने गप्प बसतो आणि थकबाकीत बुडतो. आई ‘बघू, लागेल नोकरी’ म्हणत थांबते आणि वसुलीची मुदत घालवून बसते.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. नोकरी गेल्याने मुलांची पोटगी आपोआप बंद होत नाही, आपोआप कमीही होत नाही. ती कमी करून मागता येते. पण ती मागावी लागते, तीही न्यायालयात, कागदांसह आणि वेळेत.

हे पैसे नक्की कोणाचे?

पोटगी या शब्दातच पोट आहे, पण कायदा फक्त पोटापुरता थांबत नाही. मुलाचं अन्न, कपडे, राहणं, औषधपाणी आणि शिक्षण हे सगळं त्यात येतं. क्लासची फीसुद्धा अवाजवी नसेल तर धरली जाते.

न्यायालयाच्या एकाच आदेशात बऱ्याचदा दोन आकडे असतात: पत्नीसाठी इतके, मुलासाठी इतके. बँकेत ते एकत्र जमा होतात म्हणून दोघांनाही ती एकच रक्कम वाटते. प्रत्यक्षात ते दोन वेगळे हक्क आहेत. तिनं दुसरं लग्न केलं तर तिचा हक्क संपू शकतो, मुलाचा नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटात ‘मुलाच्या खर्चासाठी मी कधीही काही मागणार नाही’ असं आईनं लिहून दिलं, तरी मुलाचा हक्क त्यानं मरत नाही. जे आपलं नाही ते सोडून देण्याचा अधिकार आपल्याला नसतो, इतकी साधी गोष्ट आहे. घटस्फोट नवरा-बायकोचा होतो. बाप आणि लेकराचा होत नाही.

कायदे अनेक आहेत, पण गोंधळायचं कारण नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ कोणत्याही धर्माच्या माणसाला लागू आहे. १ जुलै २०२४ पासून ते अमलात आलं. त्याआधी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ करायचं, आणि न्यायालयाच्या आवारात लोक अजूनही ‘एकशे पंचवीस लावलंय’ असंच म्हणतात. हिंदूंसाठी (कायद्याच्या भाषेत त्यात बौद्ध, जैन आणि शीखही आले) १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ आणि १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम २० आहे. नोंदणी पद्धतीनं लग्न केलेल्यांसाठी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचं कलम ३८ आहे.

आपल्या विषयासाठी यातली एकच बाब लक्षात ठेवा. यातल्या प्रत्येक कायद्यात ठरलेला आकडा नंतर बदलण्याची वाट ठेवलेली आहे. कलम १४४ खालच्या आदेशासाठी ती कलम १४६ मध्ये आहे. परिस्थिती बदलल्याचं सिद्ध करा, आकडा बदलून घ्या. नोकरी जाणं हा परिस्थितीतला बदलच आहे. वाद होतो तो बदल खरा किती, कायमचा किती आणि ओढवून घेतलेला किती, यावर.

आकडा येतो कुठून?

‘पगाराच्या पंचवीस टक्के’ असा एक नियम असल्याचं तुम्ही ऐकलं असेल. असा कुठलाही नियम कायद्यात लिहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात पतीच्या निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्के रक्कम त्या प्रकरणात योग्य ठरेल असं म्हटलं, आणि तिथून तो आकडा सूत्रासारखा फिरू लागला. गंमत अशी, की त्याच निकालात न्यायालयाने पोटगी वाढवली नव्हती, तर उच्च न्यायालयाने ठरवलेले २३,००० रुपये २०,००० वर आणले होते. कारण त्या गृहस्थानं दुसरं लग्न केलं होतं, त्या लग्नातून एक मूल झालं होतं आणि त्याचाही भार त्याच्यावर होता.

प्रत्यक्षात न्यायाधीश बरंच काही एकत्र बघतात. आई-वडील दोघांचं उत्पन्न, मालमत्ता आणि शिक्षण, मुलाचं वय आणि गरजा, घर एकत्र असताना मूल कशा पद्धतीनं राहत होतं, वडिलांवर आणखी कोण अवलंबून आहे, कर्ज कसलं आहे. पगार हा यातला एक घटक आहे. मोठा आहे, पण एकच आहे. म्हणूनच पगार शून्य झाला तर पोटगी शून्य होत नाही.

पोहरा रिकामा आहे, पण आड?

‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ ही म्हण कुटुंब न्यायालयाच्या बाकावर या ना त्या शब्दांत रोज ऐकू येते. “साहेब, नोकरीच नाही, तर देऊ कुठून?” युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण न्यायालय ती म्हण गंभीरपणे घेतं आणि विचारतं: चला, आड बघू.

दर महिन्याला वर येतो तो पोहरा, म्हणजे पगार. आड म्हणजे माणसाची कमावण्याची क्षमता अधिक त्याच्याकडे साठलेलं धन. शिक्षण, अनुभव, वय, तब्येत, हातातलं कसब, बँकेतली ठेव, भाड्यानं दिलेली सदनिका, शेती, नोकरी सोडताना मिळालेली एकरकमी रक्कम हे सगळं आडातलं पाणी. पोहरा रिकामा आला म्हणून आड कोरडा ठरत नाही. दोर तुटला असेल, किंवा कोणी पोहरा मुद्दाम अर्ध्यावरच धरला असेल.

या विचाराला एक नाव देऊ, म्हणजे पुढे बोलायला सोपं जाईल: गृहीत उत्पन्न. माणूस प्रत्यक्षात किती कमावतो यापेक्षा प्रामाणिक प्रयत्न केले तर किती कमावू शकतो याचा न्यायालयाने बांधलेला अंदाज.

सर्वोच्च न्यायालयाने यावर वेळोवेळी स्पष्ट भूमिका घेतली आहे. २०१५ च्या एका प्रकरणात पती लष्करातून निवृत्त झाला म्हणून उच्च न्यायालयाने पत्नीची पोटगी ४,००० वरून २,००० केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ४,००० कायम केली. नोकरी नाही, धंदा नीट चालत नाही ही कारणं धडधाकट माणसाच्या बाबतीत बहुतेकदा नुसत्या सबबी असतात, असंही सुनावलं. सप्टेंबर २०२२ मध्ये न्या. दिनेश माहेश्वरी आणि न्या. बेला त्रिवेदी यांच्या पीठानं आणखी पुढे जाऊन सांगितलं, की शरीरानं सक्षम असलेल्या पतीनं अंगमेहनत करूनही पैसे मिळवावेत आणि पत्नी व अल्पवयीन मुलांना सांभाळावं. ती त्याची जबाबदारीच आहे. जानेवारी २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठासमोर अशीच सबब आली. नोकरी नसली तरी अकुशल मजूर म्हणून दिवसाला ३०० ते ४०० रुपये मिळू शकतात, असा हिशेब मांडून न्यायालयाने दरमहा २,००० रुपयांची पोटगी कायम ठेवली.

हे निकाल वाचून ‘इंजिनिअरला काय हमाली करायला लावणार का?’ असा संताप येतो. मलाही ‘मजुरी करा’ ही भाषा जरा कठोर वाटते. पण ती कोणाला उद्देशून आहे ते बघा. ज्यानं आपलं उत्पन्न काय, खातं कुठलं, प्रयत्न काय केले यातलं काहीही सांगितलं नाही आणि फक्त ‘मी बेकार’ एवढंच म्हटलं, त्याच्यासाठी न्यायालय तळाचा आकडा धरतं. ज्यानं कागद ठेवले आणि चार ठिकाणी अर्ज केल्याचं दाखवलं, त्याचं वजन वेगळं पडतं.

सोडली की सुटली?

नोकरी कशी गेली, या प्रश्नावर निम्मा निकाल ठरतो.

पोटगीच्या अर्जाची नोटीस मिळाली आणि पुढच्याच महिन्यात राजीनामा दिला, तर न्यायालयाला काय वाटेल हे सांगायला वकील नको. वडिलांच्या किंवा भावाच्या दुकानात ‘बिनपगारी मदत करतो’ म्हणणाऱ्याचंही तेच. पगार मुद्दाम कमी दाखवला किंवा कमाई दुसऱ्याच्या नावावर वळवली, तर जुन्या पगारावरूनच गृहीत उत्पन्न धरलं जाण्याची शक्यता मोठी. घरकाम करून मुलं वाढवलेली बाई आणि राजीनामा खिशात घेऊन आलेला नवरा समोरासमोर उभे असले, की न्यायाधीशांना फार वेळ लागत नाही.

कंपनीनं अख्खा विभाग बंद केला, कंत्राट संपलं, कारखान्याला टाळं लागलं, ही गोष्ट वेगळी. इथे बदल खरा आहे आणि हाताबाहेरचा आहे. सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं आहे की आपल्या हाताबाहेरच्या कारणांमुळे आपण कुटुंबाचा भार उचलू शकत नाही हे कागदोपत्री दाखवण्याची जबाबदारी पतीवर आहे. म्हणजे दार बंद नाही. किल्ली त्याच्याकडेच आहे. पण इथेही न्यायालय विचारतं, की हा बदल किती दिवसांचा? पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्याला आज नोकरी नाही म्हणून वर्षानुवर्षं मिळणार नाही, असं कोणी धरत नाही. त्यामुळे ‘तूर्त इतके द्या, नंतर बघू’ असा मधला मार्ग निघू शकतो.

मोठा आजार किंवा अपघात ही तिसरी जात. ‘शरीरानं सक्षम’ हा त्या सगळ्या निकालांचा पायाच इथे निसटतो. डायलिसिसवर असलेल्या माणसाला कोणी मजुरी करायला सांगत नाही. वैद्यकीय कागद नीट लावले तर इथे खरी सवलत मिळू शकते, मात्र मालमत्ता असेल तर तिचा विचार होतोच.

आणि एक प्रकार, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही: ऐंशी हजारांची नोकरी गेली आणि चार महिन्यांनी पस्तीस हजारांची मिळाली. अशा माणसाला कमी पगाराची नोकरी धरली म्हणजे आपण हरलो असं वाटतं. पोटगीच्या दृष्टीनं तोच त्याचा सर्वांत भक्कम पुरावा असतो. प्रयत्न केले, मिळालं ते घेतलं, आणि आता आड इतकाच खोल आहे.

मीटर चालूच राहतो

घराला कुलूप लावून गेलात तरी विजेच्या बिलातला स्थिर आकार चढतच राहतो. तो बंद करायचा तर जोडणी तोडण्याचा अर्ज द्यावा लागतो. ‘मी घरात नव्हतो’ हे नंतर सांगून भागत नाही. पोटगीच्या आदेशाचं तसंच आहे. न्यायालय आदेश बदलत नाही तोवर जुना आकडा दर महिन्याला चढत राहतो.

आकडेमोड करून बघू. समजा, मुलाची पोटगी दरमहा १२,००० रुपये ठरली आहे आणि नोकरी मार्चअखेर गेली.

पहिला बाप एप्रिल ते ऑक्टोबर गप्प बसतो. सात महिने, ८४,००० रुपये थकबाकी. नोव्हेंबरमध्ये वसुलीचा अर्ज येतो आणि मग तो वकिलाकडे धावतो. आता तो पोटगी कमी करण्याचा अर्ज करेलही, पण बदललेला आकडा साधारणपणे अर्जाच्या किंवा आदेशाच्या तारखेपासून लागू होतो. मागचे ८४,००० उभेच.

दुसरा बाप एप्रिलमध्येच अर्ज करतो. कमी केल्याचं पत्र, अखेरच्या हिशेबाचा कागद आणि बँकेचा उतारा जोडतो. निकाल लागेपर्यंत साठलेल्या पैशातून दरमहा ५,००० पाठवत राहतो. समजा ऑक्टोबरमध्ये न्यायालय पोटगी ७,००० करतं आणि ती अर्जाच्या तारखेपासून धरतं. सात महिन्यांचे ४९,००० होतात, त्यातले ३५,००० त्यानं दिलेले आहेत, राहिले १४,०००.

दोघांची परिस्थिती सारखीच होती. एकावर ८४,००० चं ओझं आहे आणि दुसऱ्यावर १४,००० चं. वर न्यायाधीशांसमोर दुसऱ्याचा बँक उतारा आहे, ज्यावर दर महिन्याला एक ओळ दिसते. अर्धवट रक्कम पाठवून काय उपयोग, असं विचारणाऱ्यांना ती ओळ दाखवावी. पैसे खात्यावरूनच पाठवा. हातात दिलेले रोख पैसे पुढे कोणालाच आठवत नाहीत.

‘बेकार आहे’ हे सिद्ध कसं करायचं?

इथे ४ नोव्हेंबर २०२० या तारखेला महत्त्व आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांच्या पीठानं त्या दिवशी देशभरातल्या पोटगी प्रकरणांसाठी पद्धत घालून दिली. ते प्रकरणही आपल्या विषयाशी जुळणारंच होतं: मुलगा लहान, मागणी अंतरिम पोटगीची, आणि पतीचं म्हणणं की मी सध्या बेकार आहे. अंतरिम पोटगी म्हणजे मुख्य दावा निकाली लागेपर्यंतची तात्पुरती पोटगी.

त्या निकालानं दोन्ही बाजूंना आपल्या मालमत्तेचं आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र भरणं बंधनकारक केलं. हे प्रतिज्ञापत्र एकदा हातात घेऊन बघावं. सगळ्या बँक खात्यांचे मागच्या तीन वर्षांचे उतारे त्यात मागितले आहेत. उत्पन्नाचे इतर मार्ग विचारले आहेत: भाडं, व्याज, शेअर. घर, जमीन, वाहन, दागिने, विमा, गुंतवणूक. कर्ज कोणाकडून, कधी घेतलं, हप्ता किती. आपल्यावर कोण कोण अवलंबून आहे आणि त्यांचं स्वतःचं उत्पन्न किती. आयकर विवरणपत्रं मागितली आहेत ती लग्नाच्या आधीच्या वर्षाची, वेगळे होण्याच्या आधीच्या वर्षाची आणि अर्ज केला त्या वेळची. म्हणजे आडाची खोली तीन वेगवेगळ्या काळात मोजली जाते.

तीन वर्षांचा उतारा फार बोलका असतो. नोकरी गेली म्हणून सांगितलेल्या महिन्यानंतरही दर सात तारखेला एकाच नावानं ठराविक रक्कम जमा होत असेल, तर ती काय आहे हे सांगावं लागतं. क्रेडिट कार्डाचं बिल कोण भरतंय, गाडीचा हप्ता कुठून जातोय, हे प्रश्न समोरचा वकील उताऱ्यावर बोट ठेवून विचारतो. उत्पन्न दडवलं तर न्यायालय प्रतिकूल निष्कर्ष काढू शकतं, आणि खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल वेगळी कारवाई होऊ शकते.

खरंच बेकार असलेल्याला मात्र हेच प्रतिज्ञापत्र मदतीला येतं. पगार थांबला तो महिना, अखेरच्या हिशेबाची रक्कम, ती घरखर्चात कशी संपत गेली हे त्या उताऱ्यातच दिसतं. त्याला जोड द्यावी नोकरीसाठी केलेल्या अर्जांची, आलेल्या नकारांच्या ईमेलची, मुलाखतीच्या पत्रांची. एक वही घालून तारखा लिहून ठेवल्या तर उत्तम. न्यायालयाला दुःख मोजता येत नाही, नोंदी मोजता येतात.

त्याच निकालानुसार अंतरिम अर्जाचा निकाल प्रतिज्ञापत्रं दाखल झाल्यावर जास्तीत जास्त चार ते सहा महिन्यांत लागावा, आणि पोटगी मूळ अर्जाच्या तारखेपासून धरावी. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे न्यायालयाची पायरी चढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. म्हणूनच अर्जाची तारीख महत्त्वाची.

“पण तिला चांगला पगार आहे ना!”

रास्त प्रश्न आहे. मूल दोघांचं आहे आणि १९५६ चा कायदाही जबाबदारी आई-वडील दोघांवर टाकतो. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका प्रकरणात दोन मुलांसाठी प्रत्येकी ३,००० रुपये धरले आणि दोघं पालक कमावते असल्यामुळे तो भार वडील आणि आई यांच्यात दोनास एक या प्रमाणात वाटला. म्हणजे आईचा पगार वडिलांचा वाटा कमी करू शकतो. तो पुसून टाकत नाही. वडिलांची नोकरी गेली आणि आईला चांगला पगार असेल, तर वाटणीचं प्रमाण बदलून मागणं हा अर्जातला सर्वांत समंजस मुद्दा ठरतो.

उलटही खरं आहे. ताबा आईकडे आहे आणि तिची नोकरी गेली, तर तोही परिस्थितीतला बदल आहे आणि ती पोटगी वाढवून मागू शकते. बेकारीचा मुद्दा नेहमी बापाच्याच बाजूनं मांडला जातो, त्यामुळे ही बाजू अनेक आयांना सुचतच नाही.

“मुलाला भेटू देत नाहीत, मग पैसे का देऊ?”

पोटगी हे भेटीचं तिकीट नाही. भेट नाकारली जात असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज आहे, आणि तो जरूर करावा. पण बेकारीच्या अर्जात हा राग मिसळला की अर्ज पातळ होतो. ‘नोकरी नाही म्हणून देता येत नाही’ आणि ‘भेटू देत नाही म्हणून देणार नाही’ ही दोन वाक्यं एकाच पानावर आली, की वाचणाऱ्याला दुसरंच खरं वाटतं.

“आणि हप्ते कोण भरणार?”

घराचा हप्ता, वैयक्तिक कर्ज, स्वतःहून घेतलेला विमा हे आधी, आणि उरलं तर मुलं, असा क्रम न्यायालय सहसा मानत नाही. कर्ज कशासाठी घेतलं, हे बघितलं जातं. आईवडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी घेतलेलं कर्ज आणि वाद सुरू झाल्यावर घेतलेली नवी गाडी एका मापानं मोजली जात नाही.

“मग तुरुंगात टाका, फिटलं!”

हे वाक्य रागात बोललं जातं, पण काहीजण खरोखर तसं समजतात. कलम १४४ खालची पोटगी ‘पुरेशा कारणाशिवाय’ दिली नाही तर न्यायालय वसुलीचं वॉरंट काढू शकतं. त्यानंतरही रक्कम राहिली तर एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते; आधी पैसे भरले तर आधी सुटका. पण तुरुंग हा वसुलीचा धाक आहे, ती फेड नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऐंशीच्या दशकातच सांगितलं आहे. आत जाऊन आल्यावरही देणं तसंच असतं.

इथेच खऱ्या बेकाराला दिलासाही आहे. ‘पुरेशा कारणाशिवाय’ हे शब्द त्याच्यासाठी आहेत. मात्र कारण पुरेसं आहे हे पटवायला वॉरंट निघायच्या आधीच न्यायालयात हजर राहावं लागतं. तारखेला न जाणं हा सर्वांत महागात पडणारा मार्ग आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते; पुरुषांना उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असतील तर.

पैसे यायचे थांबले, तर आईनं काय करायचं?

मेसेज जपून ठेवावा. ‘नोकरी गेली’ हे त्यानं कधी कळवलं याचा तो पुरावा आहे, आणि तो दोघांच्याही कामी येऊ शकतो. तो खरंच अडचणीत असल्याचं दिसत असेल, तर काही महिन्यांसाठी कमी रकमेवर तडजोड करायला हरकत नाही. पण ती तोंडी ठेवू नये. लेखी करून न्यायालयात दाखल करावी आणि तिला मुदत घालावी, ‘अमुक महिन्यापर्यंत इतके, त्यानंतर मूळ आकडा’ अशी. समुपदेशकासमोर अशी तडजोड लवकर होते, आणि मुलांसमोर भांडणं होत नाहीत.

त्याला पुन्हा नोकरी लागली की नवीन पगारातून थेट कपात करून मागता येते. पोटगीच्या दिवाणी हुकूमनाम्याच्या वसुलीत पगाराचा एक तृतीयांश भागच जप्तीतून सुरक्षित असतो. बाकीच्यावर हात घालता येतो. साध्या कर्जाच्या वसुलीत कायदा पगाराचं याहून जास्त रक्षण करतो.

आणि कॅलेंडर जवळ ठेवावं. कलम १४४ खालची थकबाकी वॉरंट काढून वसूल करायची, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. एप्रिल २०२५ ची थकलेली पोटगी एप्रिल २०२६ उलटून गेल्यावर या मार्गानं मागता येत नाही. ‘त्याला नोकरी लागली की एकदम घेऊ’ म्हणून चौदा महिने थांबलेल्या आईचे पहिले दोन महिने वाट बघण्यातच निघून जातात.